पीठ फाटतेय

लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्याच आठवड्यात नवरा म्हणाला, "आज पीठ फार दुखतेय." मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. आमच्या साताऱ्याकडे पीठ दळतात, चाळतात, मळतात. ते कधी दुखत नाही. दुखते ती पाठ. पण यांचं घराणं दक्षिणेतून सरदारांच्या फौजेबरोबर इकडे येऊन सात-आठ पिढ्या झालेल्या. मराठी घरात जपलेली, पण तिला हिंदीचा शेजार इतका जुना की कुठला शब्द कुणाकडून आला हे त्यांनाच आठवत नाही. हिंदीत पाठीला पीठ म्हणतात, म्हणून यांच्याकडे पाठही पीठ आणि पीठही पीठ. कोण कशाबद्दल बोलतंय ते आपण ओळखायचं.

मला ओळखता येत नसे असं नाही. पण मला खोड होती. "पाठ म्हणा, पाठ," असं मी चौतीस वर्षं म्हणत आले. पाहुण्यांसमोर म्हटलं, बाळंतपणात कळा देताना म्हटलं. तेव्हा खरं तर माझीच पाठ दुखत होती आणि हे नर्सला सांगत होते, "इनकी पीठ मल दीजिए." ते गणिताचे मास्तर, भाषेच्या बाबतीत अगदी बेफिकीर. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुला कळलं ना? मग झालं."

हे घडलं त्या वर्षीचा जानेवारी इकडच्या मानानंही कडक होता. दर्पण कॉलनीतल्या आमच्या गल्लीत दहा वाजेपर्यंत समोरचं फाटक दिसत नसे. यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायची असते हे त्यांना मान्य होतं, पण तब्येत चांगली वाटली की ते स्वतःच सुट्टी जाहीर करायचे. मी डबीतल्या गोळ्या मोजायची, ते एखादी गुपचूप खिशात टाकायचे. हे मला नंतर कळलं, त्यांच्या कोटाच्या खिशात सात सापडल्या तेव्हा.

तो कोट करड्या लोकरीचा, शाळेतल्या नोकरीच्या काळातला. डाव्या खांद्यापाशी त्याचं अस्तर उसवलेलं होतं. रोज सकाळी कोट घालताना यांचा हात बाहीत जाण्याऐवजी बाही आणि अस्तर यांच्या मधल्या खोट्या वाटेत शिरायचा आणि कोपरापाशी अडकायचा. मग दारातून हाक यायची, "अगं, हात अस्तरात गेला." मी जाऊन सोडवायची आणि म्हणायची, "रविवारी टाका घालते." असे किती रविवार गेले ते विचारू नका.

त्या दिवशीही हात अस्तरात गेला, मी सोडवला, आणि ते गव्हाची पिशवी स्कूटरवर पुढ्यात घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्याला गेले. आमच्या कोपऱ्यावर चक्की आहे. पण यांचं लहानपण हजिऱ्यात गेलेलं, तिथल्या जुन्या दगडी चक्कीचंच पीठ यांना गोड लागतं. "अर्धा लिटर पेट्रोल जाळून पीठ आणायचं," असं मी म्हणत असे, आणि पोळी फुगली की गप्प बसत असे.

साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. माझे हात कणकेत होते, मी कोपरानं बटण दाबून फोन ओट्यावरच ठेवला. मागे चक्कीची घरघर. त्यातून यांचा आवाज आला, "अगं... पीठ... पीठ फाटतेय."

मी म्हटलं, "मग दुसरी मागा ना. नाहीतर असं करा, एकात एक दोन पिशव्या घाला."

"नाही गं, पीठ..."

"अहो, दोन पिशव्या! एकात एक! माझे हात भरलेत, ठेवते."

आणि मी फोन ठेवला.

हा प्रसंग मी नंतर मनात इतक्या वेळा फिरवून पाहिला आहे की त्याचा कुठलाही शब्द आता माझ्या हातून सुटणार नाही. ते "फाटतेय" म्हणाले होते. पीठ नपुंसकलिंगी. पीठ फाटलं असतं तर "फाटतंय" म्हणाले असते. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शब्दांची लिंगं सुधारणाऱ्या बाईला हे ऐकू यायला हवं होतं. ऐकू आलंही. पण माझ्या डोक्यानं तिथे परस्पर एक पिशवी आणून ठेवली, पिशवी फाटतेय, आणि व्याकरण जुळवून टाकलं. शिवाय यांची लिंगं चुकतातच, हेही चौतीस वर्षांत मी ठरवून ठेवलं होतं. आवाज दमलेला होता, हे मात्र मी ठरवून ऐकलं नाही.

चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. यांच्याच नंबरवरून, पण बोलत होता चक्कीवाला. "भाभीजी, मास्साब की तबीयत ठीक नहीं लग रही. पसीने में नहा गए हैं, पेट पकड़ के बैठे हैं." शेजारच्या दुकानदाराची गाडी काढली आहे, मोठ्या हॉस्पिटलला नेतोय, तुम्ही तिकडेच या, असं तो म्हणाला. मी कणीक तशीच टाकून रिक्षा केली. रस्ताभर मला वाटत होतं, पोट आहे, काहीतरी खाल्लं असेल, हजिऱ्याला गेले की कचोरीशिवाय येत नाहीत.

मी पोचले तेव्हा यांना नुकतंच स्ट्रेचरवर घेतलं होतं. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. मला बघून त्यांनी हात उचलला. चक्कीवाला त्यांचा कोट आणि एक पिशवी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "भाभीजी, आटा भी ले आया हूँ. ताज़ा है."

त्यानं पिशवी माझ्या पायाशी ठेवली. जाड कापडाची आमचीच पिशवी, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. मी वाकून तिच्या चारी बाजू चाचपल्या, खालचा शिवणीचा भाग उचलून पाहिला. ती कुठेही फाटलेली नव्हती. तेव्हा मला कळलं की ते कशाबद्दल बोलत होते.

तपासणाऱ्या डॉक्टर अगदी तरुण, आमच्या मुलीहून लहान वाटाव्यात अशा. त्या पोट दाबून बघत होत्या. हे वेदनेनं पलंगावर पिळवटत होते, पण पोट दाबलं तर मऊ लागत होतं. ईसीजीची पट्टी काढली, तीही ठीक आली. पथरी, म्हणजे मूतखडा असेल, असं कुणीतरी म्हणालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. दर्द कब शुरू हुआ, कहाँ से शुरू हुआ?

मला सांगायची लाज वाटत होती. तरी सांगितलं. "इन्होंने फ़ोन पर कहा था कि पीठ फट रही है. मैंने समझा आटे की थैली फट रही है. हम मराठी लोग आटे को पीठ कहते हैं."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "फट रही है, यही बोला था? दुख रही है नहीं?"

"फट रही है. मला नक्की आठवतंय," मी मराठीतच म्हणाले.

त्यांनी ताबडतोब यांच्या जांघेतली आणि पावलांवरची नाडी बघितली. उजव्या पावलाची नाडी हाताला नीट लागत नव्हती. प्रेशर छताला भिडलेलं. पुढच्या दहा मिनिटांत यांना शिरेतून औषध टोचून स्कॅनला नेलं. पुष्कळ दिवसांनी त्या डॉक्टरांनी मला सांगितलं की तुम्ही नुसतं "पीठ में दर्द" म्हटलं असतंत तर मी कदाचित पथरीच्याच मागे गेले असते. माझ्या चुकीमुळे तो शब्द माझ्या डोक्यात जसाच्या तसा रुतून बसला होता, म्हणून तो त्यांच्यापर्यंत तसाच पोचला. याचं बरं वाटून घ्यावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्कॅन बघून मोठे डॉक्टर आले. सुदैवानं रक्तवाहिन्यांचं काम करणारे हे डॉक्टर त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, छातीतून पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. तिच्या भिंतीला थर असतात. यांचा आतला थर छातीत मागच्या बाजूला फाटला होता, आणि रक्त थरांच्या मध्ये घुसून खाली पोटापर्यंत चिरत गेलं होतं. आता एका वाहिनीत दोन वाटा झाल्या होत्या. डॉक्टर बोलत होते, मी मान हलवत होते, आणि मला काहीच समजत नव्हतं.

कोट माझ्या मांडीवर होता. काही सुचेना म्हणून मी त्यात हात घातला, आणि तो नेहमीच्या ठिकाणी, अस्तराच्या आत गेला. कोपरापाशी अडकला.

मी हात तसाच वर धरला. "ऐसे?"

डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यापुढे बसले. "बिल्कुल ऐसे," ते म्हणाले, आणि माझ्या अडकलेल्या हातावरूनच त्यांनी पुढचं सगळं समजावलं. खोट्या वाटेत रक्त भरलं की ती फुगते आणि खरी वाट दाबून चपटी करते, जशी आत्ता बाहीची खरी वाट चपटी झाली आहे. पोटात याच वाहिनीला फांद्या फुटतात. एक जठराला, यकृताला, प्लीहेला. एक आतड्यांना. दोन बाजूंना दोन, मूत्रपिंडांना. ज्या फांदीच्या तोंडावर ते फाटलेलं अस्तर पडद्यासारखं येऊन पडतं, तिच्यात रक्त जात नाही. यांच्या आतड्यांच्या फांदीचं तसं झालं होतं, आणि उजव्या मूत्रपिंडाचंही. डावं मूत्रपिंड त्या खोट्या वाटेतूनच कसंबसं रक्त ओढून घेत होतं.

"पण पोट तर मऊ आहे," मी म्हटलं. मऊ म्हणजे चांगलं, असं मी धरून चालले होते.

"यही तो डर है," ते म्हणाले. आतडं उपाशी पडलं की आधी फक्त ओरडतं. पोट कडक होतं ते नंतर, आतडं मरायला लागल्यावर. अजून वेळ आहे, पण फार नाही. जांघेतून एक नळी वर नेऊन, ती फाट आतून झाकायची, म्हणजे रक्त पुन्हा खऱ्या वाटेनं वाहील. गरज पडली तर आतड्याच्या फांदीत एक छोटी जाळी बसवायची. त्यानंतर आतडं जगलं की नाही, ते आतडंच सांगेल. मेलं असेल तर पोट उघडून तेवढं कापावं लागेल. किती कापावं लागेल ते आज कुणीच सांगू शकत नाही.

मी सही केली. आणि विचारलं, "चालीस मिनट मेरी वजह से गए. उससे फ़र्क पड़ा?"

ते खोटं बोलू शकले असते. मला त्या क्षणी ते चाललं असतं. ते म्हणाले, "पड़ता है. कितना पड़ा, ये मैं नहीं बता सकता."

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. फाट झाकली गेली, आतड्याच्या फांदीत जाळीही बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी इंदूरहून आली. ती माझ्यासमोर मराठीत रडायला लागते आणि मध्येच हिंदीत शिरते. "आई, तू आधी कुछ खा तो ले, मग आपण बाबांना बघू ना. ऐसे कैसे चलेगा." एरवी मी तिला तिथल्या तिथे टोकलं असतं. त्या दिवशी मी ब्रेडचा तुकडा तोंडात घातला.

अतिदक्षता विभागात सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, दहा-दहा मिनिटं भेटायला सोडत. यांना तोंडावाटे काहीही द्यायचं नव्हतं. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती, तिच्यात किती जमलं ते मी रोज वाकून बघत असे. पहिल्या दिवशी तळाशी थोडं गडद पाणी होतं. डॉक्टर आले की यांच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ डोळे मिटून ऐकायचे, आणि म्हणायचे, "अभी आवाज़ नहीं है."

निरोगी पोट सारखं बोलत असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी झोपून यांच्या पोटाची गुरगुर ऐकली, तिच्यावरून चिडवलं, कुशी बदलायला लावली. आता त्या एका आवाजावर सगळं अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता यांना जरा शुद्ध होती. मी विचारलं, "कुठं दुखतंय?"

ते ओठ ओले करून, एकेक शब्द निवडत म्हणाले, "पोट. पाठ नाही आता. पाठ... बरी आहे."

पाठ म्हणाले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, न टोकता. माझ्याकडे बघत होते, बरोबर आलं का हे विचारल्यासारखे. मी बाहेर आले आणि भिंतीशी तोंड करून इतकी रडले की मुलीला वाटलं सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सची पाठ वळलेली बघून मी वाकले आणि यांच्या पोटावर कान ठेवला. जांघेतल्या पट्ट्या, नळ्या चुकवत. आत काहीच नव्हतं. माझ्याच बांगड्यांचा आवाज येत होता, म्हणून मी हात घट्ट धरला. नर्सनं बघितलं, ओरडली, "अम्मा, ये क्या कर रही हैं!" मी उठले नाही. "दो मिनट," म्हटलं. यांनी हळूच माझ्या डोक्यावर हात ठेवला. काही ऐकू आलं नाही, पण तो हात गरम होता.

त्याच दिवशी पाचला गेले तर यांचा चेहरा विचित्र झालेला. आमचे हे अतिशय संकोची. पोटातला वारा सरायचा म्हटला तरी उठून अंगणात जाणारे. मला खुणेनं जवळ बोलावलं, कान तोंडापाशी आणायला लावला, आणि चोरी सांगावी तसं कुजबुजले, "गॅस पास झाली."

"काय?"

"गॅस. दोनदा."

मी जी ओरडले! "सिस्टर! गैस पास हुई है! दो बार!" त्या हॉलमधले सगळे आजारी आणि त्यांचे नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले. यांनी चादर नाकापर्यंत ओढली. नर्स धावत आली आणि हसली, डॉक्टर आले, स्टेथोस्कोप ठेवला, डोळे मिटले, आणि या वेळी लगेच उघडले. त्यांनी तो माझ्या कानाला लावून दिला. आत दूर कुठेतरी पाणी खळखळत होतं, मग एक लांब गुर्रर्र. आयुष्यात मी काही ऐकून इतकी सुखावले नाही.

आतडं कापावं लागलं नाही. उजवं मूत्रपिंड मात्र पूर्ण सावरलं नाही, ते मागेच राहिलं. डावं दोघांचं काम ओढतं. दर सहा महिन्यांनी स्कॅन होतो, गोळी आता मी माझ्या हातानं देते आणि पाण्याचा घोट जाईपर्यंत समोर उभी राहते. त्या उजव्या मूत्रपिंडाचा विचार आला की मला कणकेचे हात दिसतात. कुणी काही म्हटलेलं नाही. हे तर म्हणणारच नाहीत.

घरी आल्यावर एकदा मीच विषय काढला. फोन ठेवला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, म्हणून विचारलं.

"हसू आलं," ते म्हणाले. "इतकं दुखत होतं, तरी. दोन पिशव्या घाला म्हणालीस. मग वाटलं, चूक माझीच. तू इतकी वर्षं सांगत होतीस पाठ म्हणा, पाठ म्हणा. त्या दिवशी तोंडात आलाच नाही गं तो शब्द."

म्हणून ते आता पाठ म्हणतात. रोज, आठवणीनं. उठताना म्हणतात, "पाठ ठीक आहे." पावडर लावून दे म्हणताना, "पाठीला." जिंकले मी. आणि दर वेळी तो शब्द ऐकला की मला तो अतिदक्षता विभागातला पलंग दिसतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसानं माझ्यासाठी पाठ केलेला शब्द आहे तो.

हे घरी आले त्याच आठवड्यात कोटाच्या अस्तराला दुहेरी टाके घातले. आज सकाळी तो यांना घालून दिला, हात सरळ बाहेर आला, आणि मी पाठीवरून हात फिरवत विचारलं, "पीठ कशी आहे?"

ते वळून बघायला लागले. गणिताच्या मास्तरांनी माझी चूक बरोबर पकडली. "पाठ म्हण, पाठ," ते म्हणाले, आणि स्वतःवरच खूश झाले.

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "तुम्हीही म्हणू नका. पीठच म्हणा. मला कळतं आता."